परराज्याचं समन्स आणि कॅम्पातले वकीलसाहेब

त्या समन्सचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांसमोर आधी येतात ते विटका काळा कोट घातलेले एक वृद्ध वकील.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. उल्हासनगरला मी नवा फौजदार होतो. शेजारच्या राज्यातल्या एका कोर्टाचं समन्स बजावणीसाठी ठाण्यावर आलं. निर्वासितांच्या कॅम्प नंबर तीनमधल्या एका सिंधी लॉरीवाल्याने तिकडच्या घाटात भरधाव लॉरी हाकली, शिपायाने हात केला तरी थांबला नाही, असा आरोप होता. पुरावा एकच, शिपायाने टिपलेला नंबर.

मी त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "साहेब, मैं उधर गया ही नहीं. उस दिन गाडी बदलापूर में बंद पडी थी."

त्याच सकाळी कॅम्पातला दुसरा एक लॉरीवाला मला सांगून गेला होता की हा कापड घेऊन नेहमी तिकडे जातो. मी आवाज चढवून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. मी मनात त्याला खोटारडा ठरवून टाकलं आणि समन्सवर सही घेतली.

"दंड भरून मोकळा हो," असं त्याला सगळे सांगत होते. पण लायसन्सवर शेरा पडला तर परमिट जाईल, ही त्याला धास्ती. फाळणीत सिंधमधून येताना घरदार सुटलं होतं, हाताशी उरलं होतं ते लॉरी चालवणं. त्याने वकील केला. सिंधमध्ये नाव कमावलेले हे गृहस्थ आता बराकीत राहून लोकांचे अर्ज लिहून देत.

चार दिवसांनी वकीलसाहेब ठाण्यात आले. बूट चिखलाने माखलेले. सोबत बदलापूरजवळच्या चामटोलीचा एक शेतकरी.

"यांना ऐकून घ्या," एवढंच ते म्हणाले.

शेतकरी म्हणाला, "गाडीचा आस तुटला व्हता, सायेब. रस्ता अडला म्हून माज्याच बैलांनी वढून बाजूला घेतली. दोन दिस माज्या शेतात उभी व्हती. तुमचा हवालदार वहीत लिवून घेत व्हता की."

मी बदलापूर चौकीची डायरी मागवली. समन्समधलीच तारीख, वेळ, लॉरीचा नंबर, सगळं हवालदाराच्या ठसठशीत अक्षरात होतं. मला खुर्चीत बसवेना.

बचावाचा साक्षीदार म्हणून मला समन्स आलं. परवानगी मागायला गेलो तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "दुसऱ्या राज्याच्या पोलिसाला खोटं पाडायला निघालात?"

"खोटं नाही साहेब. त्याची चूक झालीय."

त्यांनी माझा अर्ज ओढून घेतला आणि सही केली.

तिथल्या कोर्टात मी डायरी वाचून दाखवली. मग वकीलसाहेबांनी शिपायाची टिपणवही मागितली. घाईत, पेन्सिलीने, देवनागरीत लिहिलेला नंबर. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "भाई, यह एक है या नौ?"

शिपाई वही डोळ्यांजवळ धरून पाहत राहिला. मग म्हणाला, "नौ भी हो सकता है, हुजूर."

त्याला हे नाकारता आलं असतं. त्याने नाकारलं नाही, म्हणून मी त्याला अजून मानतो. लॉरीवाला निर्दोष सुटला.

परतीच्या गाडीत वकीलसाहेब खिडकीबाहेर पाहत होते. तसंच पाहत म्हणाले, "इधर आने के बाद यह मेरा पहला मुकदमा था." लॉरीवाल्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मी मान फिरवली.

आज ते दोघेही नाहीत. बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पण त्या माणसाला मी तीनदा विचारलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं, हे मनातून गेलं नाही. वकीलसाहेबांनी एकदाच विचारलं आणि ते चामटोलीच्या वाटेला लागले. पुढच्या सगळ्या नोकरीत समोरचा माणूस तेच तेच उत्तर देऊ लागला की मी आवाज चढवत नसे. टोपी डोक्यावर घालून, तो सांगेल त्या जागी जाऊन येत असे.