चाचा गप्प झाले की

टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीन दुरुस्त करणारे चाचा काम जमणार असलं की गप्प होतात, आणि जमणार नसलं की बोलत सुटतात. मेन रोडच्या बोळातल्या त्यांच्या दुकानात मी पाच वर्षं जातोय. हे कधी चुकलेलं नाही.

परवा आईची जुनी मशीन बंद पडली. अर्धांगवायूनंतर आईचा उजवा हात त्यातल्या, हात फिरवून खेळायच्या बोलिंगच्या खेळानेच हलायला लागला होता. जुन्या आणि नव्या मशीनच्या खेळांच्या याद्या शेजारी शेजारी छापून, बंद मशीन पिशवीत घालून मी दुकानात गेलो. घरातला पहिला पदवीधर आहे मी, अभ्यास केल्याशिवाय वस्तू घेत नाही.

"चाचा, नवीच द्या. दुप्पट खेळ आहेत हिच्यात."

चाचांनी फळीवरून नवं खोकं काढलं आणि दोन्ही याद्यांवरून बोट फिरवलं. "लिस्ट एक नंबर, सर. पण आईंचा बोलिंगवाला कुठंय? जुनी डिस्क हिच्यात चालत नाय."

मी शोधला. नव्हता. सगळे खेळ मोजले होते, आईचा तेवढा बघितला नव्हता.

चाचांनी नवं खोकं परत फळीवर ठेवलं आणि जुनी मशीन उघडली. एकेक स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यात ठेवत ते बोलायला लागले. ओझरचा जावई, कांद्याचा भाव, स्वतःचा गुडघा. मी फळीवरच्या नव्या खोक्याकडे बघितलं.

"डॉक्टर म्हणतो जिना चढू नका. आता आमचं घर तिसऱ्या..."

वाक्य अर्ध्यातच थांबलं. चाचा मशीनवर वाकले.

घराचं पुढे काय, ते मी विचारलं नाही.