उसने गळे

धारहून कुक्षीला जाणाऱ्या बसमध्ये ते गृहस्थ माझ्या शेजारी होते. भर उन्हात गळ्याला मफलर, मांडीवर गरम पाण्याचा थर्मास. बोलल्याशिवाय माझा प्रवास होत नाही. मी थंड ताक पुढे केलं, तर त्यांनी हात जोडले आणि तोंडातला ज्येष्ठमधाचा तुकडा या गालातून त्या गालात सरकवला. आजारी असतील, असं वाटलं.

"आजारी नाही, भिया," ते हळूच म्हणाले. "गळा सांभाळतोय. कुक्षीच्या चर्चमधल्या एक आजी वारल्या. दुपारी माती आहे, तिथे गायचंय."

"तुमचंच चर्च का ते?"

"नाही. त्यांचं वेगळं, आमचं वेगळं. प्रार्थनेच्या पद्धतीवरून वादही होतात आमचे. पण तिथे मोजकीच घरं, सगळी नात्यातली. मातीच्या वेळी घरच्यांचा गळा भरून येतो, गाणं अर्ध्यावर राहतं. म्हणून गायला बाहेरचे जातात. धामनोदच्या चर्चचेही येतील."

"आणि तुमच्याकडे कुणी गेलं तर?"

त्यांनी थर्मासचं झाकण उगाचच पुन्हा घट्ट केलं.

"मागच्या वर्षी बायको गेली. मी कबरीपाशी नुसता उभा होतो, तोंडातून शब्द फुटेना. पण एकही गाणं अर्ध्यावर राहिलं नाही. कुक्षीवाले गात होते. या आजी सगळ्यांत मोठ्यानं."

कुक्षी येईपर्यंत मग मीही गप्प बसलो. त्यांच्या गळ्याची आता मलाही काळजी वाटू लागली होती.