कपाशीचं एक फूल

"आधी नंबर, मग रंग," असं म्हणत चाचा कुंचल्याचं टोक ओठांवर फिरवायचे. तहसिलीत मी कागदांच्या नकला उतरवायचो, ते शेतांच्या नकाशांत रंग भरायचे. कोपऱ्यात जमिनीचा नंबर टाकल्याशिवाय त्यांनी कधी कागद ओला केला नाही. "चाचा, घरच्या बकरीलाबी नंबर टाकला का?" असं आम्ही चिडवायचो. ते हसायचे.

त्यांची बीवी गेली. सिंदफणा नदीकाठच्या कब्रस्तानात तिला पुरलं. पुढच्या पेरणीला जहागीरदारानं तिथं नांगर घातला आणि कपाशी लावली. चाचा विचारायला गेले, तर म्हणाला, "मेलेल्यांना जागा कावून लागती बे?"

चाचांचं हसणं त्या दिवशी थांबलं. मी म्हणालो, "मोठा माणूस हाय, सोडून द्या." ते म्हणाले, "न्हाई सोडणार."

पीक फुलावर आलं तेव्हा औरंगाबादचे सुभेदारसाहेब जहागीरदाराकडे मुक्कामाला यायचे होते. साहेबांना चित्रांचा शौक. चाचांना गुलाबाचं चित्र काढायचा हुकूम झाला. त्यांनी कपाशीच्या फुलाचं चित्र नेलं.

"हे कावून?" जहागीरदारानं विचारलं.

"गुलाब कुनाकडंबी असतो, सरकार. हे तुमच्याच रानातलं हाय."

जहागीरदार फुलून गेला. ते चित्र तुम्ही पाहायला हवं होतं. एकच फूल, बाकी कागद कोरा. पिवळी पाकळी इतकी पातळ की हात लावायची भीती वाटावी. तळाशी लाल डाग, पाण्यात हळूच सोडलेला.

साहेबांनी "वाहवा" केली. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. महसुलाच्या कामात हयात नकाशे बघण्यात गेलेला माणूस.

"हा नंबर कशाचा?"

"कब्रस्तानाचा, हुजूर. माझ्या बीवीच्या अंगावर उगवलंय हे."

जहागीरदाराचा विडा तोंडातच राहिला. साहेबांनी नकाशा मागितला. मी तो सकाळपासून काखेत धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जहागीरदाराला बांधावर उभं करून त्याच्याच गड्यांना कपाशी उपटायला लावली. त्याची मान खाली गेलेली बघून मला जो आनंद झाला, तो माझ्या लग्नातही झाला नव्हता.

गडी उपटत असतानाच चाचा त्या जमिनीत शिरले. नांगरानं सगळं सपाट केलेलं. नकाशात कब्रस्तान होतं, कबर नव्हती.

"हितं असंल," ते म्हणाले. चार पावलं चालले. "न्हाई, हितं." शेवटी त्यांनी कपाशीच्या एका झाडाला हात लावला आणि गड्यांना म्हणाले, "एवढं उपटू नका."

चाचा गेले तेव्हा आम्ही त्यांना त्याच झाडाशेजारी पुरलं. बीवीजवळच, असं आम्ही धरून चालतो.