मामांची पेशी

कांद्याकडं मामांइतक्या आदरानं बघणारा माणूस आमच्या अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. ते आमच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो आणि प्राध्यापकही मामाच म्हणायचे. येडशीहून सकाळच्या एसटीनं यायचे ते पिशवीत डबा आणि दोन लाल कांदे घेऊन. लग्नाच्या पंगतीत बसले तरी पानातली कांद्याची फोड आधी हातात घ्यायचे, आतला पापुद्रा नखानं अलगद सोडवायचे आणि उजेडाकडं धरून शेजारच्या पाव्हण्याला विचारायचे, "ह्येच्यात किती घरं आसतील, सांगा बरं?" पाव्हणा वाढप्याला हाक मारायच्या निमित्तानं पलीकडं सरकायचा. मामी म्हणायच्या, "आमच्यात भाजीला कांदा न्हाय, शिक्षणाला हाय."

प्राध्यापक शिकवायचे ते फळ्यावर. आम्हाला पेशी समजली ती मामांकडून. बाटलीच्या बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरणाऱ्या विलायती साहेबाची गोष्ट ते शेजारच्या गल्लीत घडल्यासारखी सांगायचे. "साहेबाला काय दिसलं? नुसत्या खोल्या. बूच वाळल्यालं, बिऱ्हाड कवाच उठून गेल्यालं. तरी त्यानं नाव ठिवलं ते सेल, म्हंजे खोलीच. आन् तिकडं हॉलंडात एक कापडवाला. सूत बघाया भिंगं घासायचा. एक दिस त्यानं पाण्याचा थेंब बघितला, तर आत समदी वळवळ. भाडेकरू घावले ते कापडवाल्याला." पेशीतलं केंद्रक म्हणजे त्यांच्या मते घरातली सासू. "कोपऱ्यात गप बसल्याली दिसती, पर तिला इचारल्याबिगर चूल पेटत न्हाय." झाडाच्या पेशीला बाहेरून भिंत असते, आपल्या पेशीला नुसतं पातळ आवरण, हे सांगताना मात्र ते थोडे हळवे व्हायचे. "म्हणून तर झाड गप उभं ऱ्हातं आन् माणूस लगीच कळवळतो."

मी ढोकीचा. घरी बांधाचा खटला चालू होता, त्यामुळं आमच्याकडं पेशी म्हणजे कोर्टातली हजेरी, त्याला दुसरा अर्थच नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी जेवताना सहज बोलून गेलो, "सोमवारी पेशी हाय." सोमवारी प्रयोगशाळेच्या दारात माझे चुलते हजर, बरोबर काळ्या कोटातले वकील. मामांनी दोघांना आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि रंग दिलेला पापुद्रा भिंगाखाली सरकवला. वकीलसाहेब पंधरा मिनिटं डोळा काढीनात. मग चुलत्यांनी बघितलं, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "आरं, हितं तर समद्यांचे बांध जागच्या जागी हायेत."

इथवरचं मी अनेकांना हसत सांगत आलोय. पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही. सूक्ष्मदर्शकाचं मोठं भिंग खाली आणताना डोळा बाजूनं ठेवायचा, वरून बघत आणायचं नाही, हे मामांनी आम्हाला शंभरदा बजावलं होतं. एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना मी वरून बघतच चक्री फिरवत गेलो. कच्च असा आवाज झाला. खालची काच फुटली आणि भिंगाला तडा गेला. काचेचे तुकडे मी रुमालात बांधले, यंत्रावर खोळ घातली आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी मामा नेहमीप्रमाणं भिंगं पुसत होते, तडा त्यांनाच दिसला. प्राचार्यांचं बोलावणं आलं तेव्हा जाता जाता ते आम्हाला म्हणाले, "आज आपलीच पेशी." पोरं हसली. मीही हसलो. आत त्यांनी एवढंच सांगितलं म्हणे, "रोज म्याच पुसतो, साहेब. माझाच हात जड पडला आसंल." त्यांना फाटकावर बसवलं. निवृत्त होईस्तोवर ते फाटकावरच होते. मी त्यांच्यासमोरून रोज आत जायचो आणि ते विचारायचे, "आज काय बघितलं रं?"

आता मी धाराशिवातच रक्त तपासायचं काम करतो. दिवसभर डोळा भिंगाला असतो. येडशी काही लांब नाही, पण तीस वर्षं मला ती लांबच वाटत राहिली. गेल्या महिन्यात गेलो. मामा अंगणात शेंगा फोडत बसले होते. चहा यायच्या आधीच मी सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

मामांचे हात थांबले. "म्हंजे पुसताना गेलं न्हाय त्ये?"

"नाही, मामा. माझ्याच हातून गेलं."

"खरं म्हंतूस?"

"खरं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते आपल्या बोटांकडं बघत बसले. "मला वाटलं, हातच गेला आपला. तवापासून काचंच्या वस्तूला म्या हात लावीत न्हाय. चष्मासुदिक सूनबाई पुसती."

मामांनी हळूच चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. सून चहा घेऊन बाहेर आली, ते बघून लगबगीनं म्हणाली, "द्या हिकडं, मी पुसते की."

"ऱ्हाऊ दे, बाई," मामा म्हणाले, आणि काचेवर हलकी फुंकर घातली.