डाळिंबी दोरा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझं एरवी काय लपलं? तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

आदाप्पा माझा जिवाभावाचा दोस्त. निपाणीत आम्हा दोघांचे विड्यांचे छोटे कारखाने होते, समोरासमोर. इंग्रजांचं राज्य होतं आणि आमच्या गिऱ्हाइकांत अक्षर ओळखणारा विरळाच. विडी ओळखायची ती तिला गुंडाळलेल्या दोऱ्याच्या रंगावरून. आदाप्पाचा दोरा डाळिंबी, माझा पांढरा.

काय नाक होतं त्याचं! नुसती चिमूट हुंगून सांगायचा, तंबाखू कुठल्या शिवारातली, पाला दमट की वाळलेला. आणि स्वतः मात्र जन्मात विडी ओढली नाही. मी चिडवायचो, न जेवताच चव सांगतोस म्हणून. तो हसायचा आणि मला माझ्या खोकल्यावरून चार शब्द ऐकवायचा.

माझी विडी खपायची नाही. पांढऱ्या दोऱ्याची मवाळ लागते, म्हणे. एकदा गंमत म्हणून मी माझ्याच विड्यांना डाळिंबी दोरा गुंडाळला आणि पारावरच्या चौघांना दिल्या. सगळे म्हणाले, ही कडक. तंबाखू तीच होती — माणूस विडी आधी डोळ्यांनी ओढतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग रंगांना काय तोटा होता? पिवळा होता, हिरवा होता. मी डाळिंबीच का घेतला? कारण त्या रंगावर आदाप्पाची पुण्याई होती. दुसरं काय?

निपाणीत मी पांढराच ठेवला. बेळगाव-खानापूरच्या बाजारात मात्र माझा हलका माल डाळिंबी दोऱ्यात जाऊ लागला. लोकांना तो आदाप्पाचाच वाटला. भराभर खपला — आणि मग लोक नावं ठेवू लागले. मला नव्हे. त्याला.

एका बाजाराहून तो भरलेलं पोतं तसंच घेऊन परत आला. घरी न जाता सरळ माझ्याकडे. एक विडी पुढं धरली.

"लोक म्हणत्यात, पहिल्यासारखी लागत न्हाय. मला तर काय कळंना. तू ओढणारा माणूस, तू सांग रं."

मी ओढली. सुरेख होती. तशी विडी मला पुन्हा मिळाली नाही. तेव्हाच सांगून टाकता आलं असतं — नाही का? तोंड उघडलंही होतं मी.

"कडवट झालीया, आदाप्पा," मी म्हणालो. "तुझं नाक गेलं."

त्यानं वाद घातला नाही. माझ्या एका शब्दावर त्यानं स्वतःच्या नाकाला खोटं ठरवलं आणि कारखाना बंद केला. उरलेली दोऱ्याची रिळं माझ्याकडे आणून ठेवली. "रंग चांगला हाय. मीच कमी पडलो. तू वापर."

मी वापरला. आता उघडपणे.

पुढं तो माझ्याकडेच कामाला आला, विड्या मोजून त्यांचे कट्टे बांधायला. तंबाखूच्या मिसळीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. माझी पोरं त्याच्या खांद्यावर वाढली, सणाला त्याचं पान माझ्या शेजारी असायचं. माझं त्याच्यावर फार प्रेम होतं. आजही आहे. पण त्यानं काय होतं?

बऱ्याच वर्षांनी एकदा नवी तंबाखू आली. मी पोत्यात हात घालून बघत होतो. तो दारातच थबकला. नाक फुगवलं, आणि मग जरा लाजून विचारलं,

"पाला दमट हाय का रं? का मलाच वाटतंय?"

"तुलाच," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि परत कट्टे बांधायला बसला. मी पोत्यातून हात काढला. पाला दमट होता.