साहेबाच्या जिनिंगची खूण

सरकीच्या ढेपेचा वास आला की दारव्ह्यातली ती दुपार आठवते आणि डोकं फिरतं. कापसातून सरकी काढायचं यंत्र त्या भागात पहिल्यांदा आणणाऱ्या विलायती साहेबाने तिथे उभारलेला जुना जिनिंगचा कारखाना मी शोधत होतो. जागेवर प्लॉट पडले होते, धुराड्याची एक वीटसुद्धा ठेवली नव्हती लेकाच्यांनी. “एवढ्या मोठ्या माणसाची खूण राखता आली नाही तुम्हाला?” मी तिथे शेंगा विकणाऱ्या म्हातारीवरच खेकसलो. तिने उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. दोन बोटं नव्हती. “हे पाह्य खूण! इथंच कामाले होती मी. तुह्या साहेबाच्या मशिनीनं खाल्ली. मले कोनी आलं काय इचाराले?” आज तिथे पाटी आहे, मजकूर माझाच. साहेबाचं नाव ठळक आहे. म्हातारीचं नाव मी त्या दिवशीही विचारलं नाही.