टीव्ही नसलेल्या घराचा ॲन्टेना

पांढुर्ण्यात सर्वात शांत आणि सर्वात स्वस्त प्लॉट कुठं मिळतो, हे विचारायला लोक माझ्याकडे येत, सगळी माहिती घेत, चहा पीत आणि दुसरीकडे प्लॉट घेत.

मी मात्र घेऊन बसलो होतो! रेल्वे लाइनच्या पलीकडे, संत्र्याच्या बगिच्याला लागून नवा ले-आऊट पडला होता. नकाशात त्यात चाळीस घरं, एक शाळा आणि लहान मुलांची बाग होती. प्रत्यक्षात चार घरं होती आणि बाकी हद्दीचे दगड. त्या दगडांवर बकऱ्या उभ्या राहत. भंगारवालासुद्धा आमच्याकडे फिरकत नसे. एकदा चोर आले होते म्हणतात, पण ते रस्ता विचारून परत गेले.

अशा ठिकाणी मी, माझी बायको सुमन आणि माझी धाकटी बहीण लता राहत होतो. आईवडील लवकर गेल्यामुळे लताचं लग्न जमवणं माझ्याकडे होतं. मोहगावच्या गजभिये मास्तरांच्या मुलाचं स्थळ आलं. मुलाचं सौसरला दुकान आहे, एवढंच मध्यस्थानं सांगितलं होतं. (कशाचं दुकान, हे मी विचारलं नाही. मी सरकारी कचेरीतला बाबू. अर्जात जेवढं लिहिलंय तेवढंच वाचायची सवय!) मी मास्तरांना पत्र टाकलं, 'वस्ती अत्यंत शांत आहे. घरात सर्व आधुनिक सोयी आहेत.'

पत्र पेटीत पडल्यावर आठवलं, की आपल्याकडे एकुलती आधुनिक सोय म्हणजे टॉर्च. तिच्यातही सेल नव्हते.

तेव्हा नुकते टीव्ही यायला लागले होते. ज्याच्या छपरावर ॲन्टेना, त्याच्या घरी लक्ष्मी, असा हिशोब होता. कचेरीतल्या एका मित्राकडे जुना ॲन्टेना पडून होता. तो मी मागून आणला. टीव्ही कुठून आणणार? समोरच्या खोलीत टेबलावर लोखंडी पेटी ठेवली आणि वरून लताच्या भरतकामाचा मोठा रुमाल टाकला. दिवसा टीव्ही झाकलेलाच असतो, कोण बघतंय!

"दादा, रुमाल कोनी उचलला तं?" लतानं विचारलं.

"पाहुणा कधी दुसऱ्याच्या घरचा रुमाल उचलते का?" मी म्हणालो.

"पेटीतल्या रजायांवर कोनता प्रोग्राम लागते, ते तरी सांगून ठेव मले," ती म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.

पाहुणे रविवारी दुपारी दोनच्या बसनं येणार होते. सकाळी दहा वाजता सुमन लताला घेऊन तिसऱ्या गल्लीत डहाट वहिनींकडे गेली. त्यांची जरीची साडी लताला नेसवायची होती. मी इस्त्रीची पँट खराब होऊ नये म्हणून पट्ट्यापट्ट्याची चड्डी आणि बनियन एवढ्यावरच छपरावर चढलो. जिना आम्ही बांधलाच नव्हता. घर परवडलं त्याचं तेच तर कारण होतं! शिडी डहाटभाऊंची. ते गवंडी. अख्ख्या ले-आऊटमध्ये शिडी एकच, आणि ती त्यांची.

मी पाइप उभा केला. एका हातानं पाइप धरला, दुसऱ्या हातानं ताण द्यायची तार ओढली, आणि तिसरा हात नसल्यामुळे उरलेली तार दातात धरली. नेमके त्याच वेळी खाली डहाटभाऊ आले.

"झालं वाटते बाबूचं काम," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी शिडीला हात घातला.

पाइप सोडला तर ॲन्टेना डोक्यात. तोंड उघडलं तर तार सुटणार. मी जीव तोडून ओरडलो, "ऊंऽऽ! ऊंऽऽऽ!"

डहाटभाऊ थांबले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. वर सोडून सगळीकडे पाहिलं! "कोनाचं रेडकू हंबरून राहिलं बाप्पा?" असं म्हणून त्यांनी शिडी खांद्यावर टाकली, सायकलवर बसले आणि गेले.

तार बांधून तोंड मोकळं होईपर्यंत ते लाइनच्या पलीकडे पोचले होते.

मग मी ओरडलो. "सुमन!" ओरडलो. "डहाटभाऊ!" ओरडलो. शेवटी "कोनी हाये काऽऽ?" असं ओरडलो. एका बकरीनं मान वर करून पाहिलं. उडी मारावी तर खाली चारी बाजूंनी बांधकामाची उरलेली गिट्टी. वस्ती अत्यंत शांत आहे, हे मी पत्रात लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

तेवढ्यात इटारसीकडून मालगाडी आली. मी बनियन काढून जोरजोरात हलवली. गार्डानं मोठ्या प्रेमानं मला हिरवी झेंडी दाखवली.

गाडी गेली, आणि फाटकाकडून तीन माणसं येताना दिसली. धोतर-कोटातले एक गृहस्थ, एक जाडशा बाई आणि एक तरुण. पाहुणे दोनच्या ऐवजी अकराच्या बसनं आले होते!

बनियन घालायला गेलो, तर घाईत दोन्ही हात एकाच बाहीत गेले. तसाच उभा राहिलो.

"जयभीम!" खालून मास्तर म्हणाले. "ढोकेबाबूचं घर हेच का?"

"जयभीम! हेच जी."

"बाबू हायेत का घरी?"

आता इथं खरं बोललो असतो तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण चड्डीवरचा माणूस एका बाहीतून बोलत असताना मुलीचा भाऊ म्हणून ओळख कशी देणार? मी म्हणालो, "बाबू बाहेर गेले. मी ॲन्टेना बसवणारा मिस्तरी!"

"वा!" तरुणाचा चेहरा एकदम खुलला. "सेट कोनता हाये? माहं सौसरले रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचंच दुकान हाये!"



"सेट... मोठा हाये," मी म्हणालो.

"पण मिस्तरी, टीव्हीचं स्टेशन नागपूरले, अन् नागपूर तिकडं हाये. तुमचा ॲन्टेना तं बैतूलकडं तोंड करून राहिला!"

"पहिले बैतूलकडं करा लागते," मी म्हणालो. "मंग हळूहळू फिरवा लागते."

ती बाई म्हणजे मुलाची आत्या होती. ती ओट्यावर बसली आणि वर बघत म्हणाली, "मिस्तरी, खरं सांग. मानसं कशी हायेत ही?"

अशी संधी देशातल्या कुठल्या भावाला मिळाली असेल? मी सुटलो! "ढोकेबाबू? अजी, असा मानूस तहसिलीत नाही! निर्व्यसनी, हुशार..."

"अन् दिसायले?"

"देखणा म्हणा ना!"

"अन् पोरगी?"

इथं मात्र मला काही बनवावं लागलं नाही. "पोरगी लाखात एक हाये, आत्याबाई. मायबाप गेल्यावर शिकता शिकता लोकांची शिलाई केली तिनं. भावाच्या अंगावरचा कपडा तिचाच शिवलेला राहते. घरात रडू आलं तं हीच पहिले हसवते सगळ्याइले."

आत्यानं डोळे बारीक केले. "तुले एवढं कसं मालूम?"

"मी... नेहमीचा मिस्तरी हावो."

तेवढ्यात जरीची साडी सावरत लता आणि तिच्यामागे सुमन कोपऱ्यावरून वळल्या. सुमननं पाहुण्यांना पाहिलंच नाही. तिनं फक्त मला पाहिलं.

"अवो, तुमी अजून वरतीच? पाहुणे याची वेळ झाली अन् तुमी चड्डीवर!"

एकदम शांतता पसरली. आमच्या ले-आऊटच्या मानानंही ती जरा जास्तच होती.

"बाई," आत्या हळूच म्हणाली, "तू या मिस्तरीले 'अवो' काहून म्हणून राहिली?"

"मिस्तरी नाही जी, मिस्टर!" सुमन म्हणाली. "मिस्टर हायेत माहे!"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वर पाहिलं. मी जिथं होतो तिथंच होतो. जाणार कुठं?

सुमन लाइनपलीकडच्या बांधकामावर धावत जाऊन डहाटभाऊंना शिडीसकट घेऊन आली. "बाबू, तुमी होते होय ते!" ते सर्वांसमोर म्हणाले. "मले वाटलं रेडकू!"

मी खाली उतरलो, मागच्या दारानं आत गेलो, पँट चढवली आणि समोरच्या खोलीत आलो, तर आणखी घोटाळा. मुलगा, सुधाकर त्याचं नाव, खिडकीतून आत आलेल्या ॲन्टेनाच्या वायरमागे कर्तव्यबुद्धीनं निघाला होता. वायर टेबलापर्यंत आली होती. त्यानं रुमाल उचलला. वायर पेटीच्या कडीला बांधलेली होती, तीही दुहेरी गाठीनं.

त्यानं बोटानं गाठ चाचपून पाहिली. मग लताकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, "हे मॉडेल आमच्या दुकानात नाही आलं अजून."

लतानं पदर तोंडाला लावला. तो पुरला नाही. ती जी हसत सुटली, की तिच्या हातातली पोह्यांची बशी आत्याच्या मांडीवर कलंडली! मग सुधाकर हसला, सुमन हसली, दारातून डहाटभाऊ हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत. ते पोहे संपवून उठले, "कळवतो" म्हणाले आणि निघून गेले.

मी आठ दिवस जेवलो नाही. (म्हणजे पोळी कमी केली.) लता वरवर हसत होती, पण पोस्टमनची सायकल वाजली की शिवणाची मशीन थांबायची. त्या मशीनचं थांबणं मला छपरावरच्या दुपारपेक्षा जड गेलं. नवव्या दिवशी मास्तरांचं कार्ड आलं, 'मुलगी पसंत आहे. मुलाला विचारायची गरज पडली नाही, तो आपोआपच हसत असतो.'

मोहगावला लग्न झालं. पंगतीत मास्तर मला हाताला धरून एकेका नातेवाइकापाशी नेत होते आणि प्रत्येकाला तेच सांगत होते, "हे पोरीचे मोठे भाऊ. पोरीबद्दल यायनं जे जे सांगितलं, ते सगळं खरं निघालं. सोताबद्दल जे सांगितलं, ते आमी अजून तपासून राहिलो!"